पिंपळावरचा पहिला घाव

पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. कधी गोळी चालवली का, आणि सगळ्यात भयंकर खून कोणता बघितला. पहिल्याचं उत्तर सोपं आहे: सरावाच्या मैदानावर चालवली, आणि तीही बहुतेक वेळा भलतीकडेच गेली. दुसऱ्याचं मी देत नाही, कारण विचारणारा चिवड्याची बशी हातात घेऊन बसलेला असतो. या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनाही खूनच हवा होता. मी म्हटलं, झाडाची केस लिहिते. पलीकडे इतकी शांतता पसरली की मला वाटलं फोन कटला.

खुनाच्या तपासात एक बरं असतं. काहीतरी वाईट झालंय हे निदान सगळ्यांना मान्य असतं. झाडाच्या तपासात तेच आधी पटवून द्यावं लागतं, ठाणेदारापासून कोपऱ्यावरच्या चहावाल्यापर्यंत प्रत्येकाला. शिपाई म्हणून भरती झाले आणि उपनिरीक्षक होऊन बाहेर पडले. या सगळ्या नोकरीत चोर, दारुडे, नवऱ्याला मारणाऱ्या बायका आणि बायकांना मारणारे नवरे सगळे झाले. पण माझं डोकं सगळ्यात जास्त खाल्लं ते एका तोडलेल्या पिंपळाने. पिंपळाने कशाला, बिचारा तर आडवा पडला होता. त्याच्याभोवतीच्या उभ्या माणसांनी खाल्लं.

प्रताप नगरातून पुढे गेलं की एक वसाहत लागते. नाव सांगत नाही, तिथली माणसं फार लवकर दुखावतात. तिच्या तोंडाशी असलेल्या चौकाला पिंपळ चौक म्हणतात. तो पिंपळ वसाहतीच्याही आधीचा. सकाळी हिंगण्याच्या कंपन्यांच्या बसगाड्या त्याच्याखालून कामगार उचलायच्या. ऑटोवाल्याला घर नंबर कुणी सांगत नसे, 'पिंपळापासून डावीकडे' एवढं पुरायचं. शनिवारी बायका बुंध्याशी तेलाचा दिवा लावत. आणि बुद्ध पौर्णिमेला मागच्या गल्लीतली आमची माणसं त्याच झाडाखाली मेणबत्त्या लावून वंदना घेत. आमची म्हणजे ज्यांच्या आजा-आजीने छप्पन साली याच शहरात दीक्षा घेतली त्यांतली. माझे आजोबाही त्यांत होते. एक झाड दोघांचं होतं आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं.

हे झाड धुळवडीच्या दिवशी पडलं. ज्याने तो दिवस निवडला त्याच्या डोक्याचं मला आजही कौतुक वाटतं. सगळे पोलीस बंदोबस्तावर. कंपन्या बंद, म्हणून बसथांब्यावर चिटपाखरू नाही. डीजे एवढा मोठा की शेजारी करवतीचं मशीन चाललं तरी लोकांना वाटावं नवीन गाणं लागलं. आणि प्रत्येकाच्या तोंडाला रंग, त्यामुळे कोणी कोणाला ओळखलं नाही हे सांगायला सगळे मोकळे. वसाहतीत कॅमेरे होते. पण रंगाने काचा खराब होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर आदल्या दिवशीच प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. दरवर्षी बांधतात म्हणे. मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रार घेऊन आले ते वसाहतीच्या मंडळाचे सचिव, अविनाश भुजाडे. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, कानामागे अजून थोडा हिरवा रंग. त्यांचं घर पिंपळाच्या अगदी समोर.

"मॅडम, आमच्या वसाहतीचा प्राणच नेला कोणीतरी," ते म्हणाले. "अज्ञात इसमांविरुद्ध लिहा."

इसम अज्ञात आहेत हे त्यांना इतक्या खात्रीने कसं माहीत, असं मला तेव्हाच वाटलं होतं. पण संशय घेणं ही आमची खोडच असते, त्याचं काही एवढं नाही.

ठाणेदार साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. "रामटेके मॅडम, हा तुम्ही घ्या. हलका आहे. अन् तुम्हाले झाडाझुडपायची आवड बी आहे." माझ्या टेबलावर एक मनीप्लांट होता. तेवढीच माझी आवड.

आता हा गुन्हा म्हणजे काय ते सांगते, कारण लोकांना वाटतं झाड तोडलं की माळी येऊन रागावतो आणि संपलं. तसं नाही. शहरातलं झाड, अगदी तुमच्या अंगणातलं असलं तरी, महानगरपालिकेच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. तोडलं तर गुन्हा. त्याचा तपास करायचा म्हणजे जागेचा पंचनामा हवा, म्हणजे दोन प्रतिष्ठित माणसांसमोर जे दिसतं ते लिहून काढायचं. हे पंच मिळवणं हा एक वेगळाच छळ. बुंध्याभोवती गर्दी तर जत्रेसारखी होती. एक मुलगी बुंध्यावर उभी राहून रडत रडत व्हिडिओ काढत होती, आणि रडणं नीट आलं नाही म्हणून परत रडत होती. मी विचारलं, पंच कोण होतंय? सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली.

शेवटी एक इस्त्रीवाला आणि एक दूधवाला पकडून पंचनामा केला. मशीनने कापलेला बुंधा ताटासारखा सपाट होता. पण त्याखाली, भुजाड्यांच्या फाटकाच्या बाजूला, कुऱ्हाडीचे तीन घाव दिसले. उथळ, एकाखाली एक, आणि इतके खाली की मला ते बघायला गुडघ्यावर बसावं लागलं. घावांच्या आत ओलं कुंकू होतं आणि मुळांत नारळाची करवंटी पडली होती.

"राऊत, हे काय?" मी विचारलं. राऊत हवालदार माझ्या हाताखाली होते. चांगला माणूस, फक्त विचार करणं हे वरिष्ठांचं काम आहे असं त्यांचं ठाम मत.

"पूजेचं असन मॅडम. लिहून टाकू, पूजेचं साहित्य."

"मशीन हातात असताना कुऱ्हाड कशाला मारली असेल?"

"मशीन बिघडली असन."

मी दोन्ही लिहिलं, करवंटी आणि घाव. महानगरपालिकेच्या उद्यान विभागाला पत्र दिलं की परवानगी दिली होती का, ते कळवा. त्यांनी उलट मलाच विचारलं की झाड वसाहतीच्या हद्दीत होतं की रस्त्याच्या, ते आधी कळवा. मी स्वतः गेले तर तिथला बाबू म्हणाला, "मॅडम, आता झाडच नाही तर हद्द कशी पाहू?" शेवटी एवढं कळलं की परवानगी कुणाला दिलेली नव्हती आणि कुणी मागितलीही नव्हती.

खुनात प्रेत सापडलं की अर्धं काम होतं. इथे प्रेत ट्रॅक्टरमधून निघून गेलं होतं. ते सापडलं त्याचं श्रेय माझ्या हुशारीला नाही, पिंपळालाच. सागवान असतं तर दुपारपर्यंत त्याचे दरवाजे झाले असते. पण पिंपळाचं लाकूड घेतो कोण? इमारतीला चालत नाही, चुलीत कुणी जाळत नाही. मी आणि राऊत आरा मशीन असलेल्या एकेका टालावर, म्हणजे लाकडाच्या वखारीवर फिरलो. कामठीच्या पुढे कन्हानकडे एका टालाच्या मालकाने आम्हाला बघताच कानाला हात लावला.

"आणला होता बाप्पा इथं. त्या झाडं कापणाऱ्या सुखदेवनं. मी म्हटलं, पिंपळ? माह्या बापानं नाही चिरला, मी काय चिरू? ने म्हटलं परत."

सुखदेव तो परत कुठे नेणार? कन्हानच्या रस्त्यालगत एका पडीक जागेत खोड टाकून दिलं होतं, शेजारी ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा. सुखदेवचं घरही तिथून जवळच. आम्ही गेलो तेव्हा तो अंगणात मशीनची साखळी घासत बसला होता. पळाला नाही, काही नाही. बायकोला म्हणाला, "पाणी दे यायले." त्याच्या मशीनच्या पेटीत महानगरपालिकेच्या शिक्क्याचा एक परवानगीचा कागद मिळाला. शिक्का बनावट होता.

आणि इथून हलका गुन्हा जड झाला. झाड तोडणं एक, सरकारी शिक्का बनावट करणं वेगळं. त्याला तुरुंग लागतो. कागद ज्याच्याकडे सापडला, तोच बनवणारा, असं सगळ्यांचं झटक्यात ठरलं. सुखदेव अटकेत गेला, मशीन जप्त झालं. उन्हाळ्यात पावसाच्या आधी फांद्या छाटायची कामं निघतात, त्यावर याचं वर्ष चालतं. त्याची बायको रोज ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायची. भांडायची नाही, हीच अडचण. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

खोडाचं काय करायचं, हा आणखी एक वैताग. जप्त केलेली वस्तू म्हणजे मुद्देमाल, ती ठाण्याच्या मालखान्यात ठेवायची. मालखान्याची खोली आमच्या देवघराएवढी. तिथला कारकून म्हणाला, "मॅडम, हे पाकिटात घालून, सील करून द्या." मी म्हटलं, पाकीट तुम्ही आणा, मी घालते. शेवटी खोड आवारात टाकलं, त्याला लाखेचं सील आणि नंबराची चिठ्ठी बांधली. पुढे पावसाळ्यात त्याला पालवी फुटली. मग बचाव पक्षाच्या वकिलाने न्यायालयात सांगितलं की ज्या झाडाला पानं येतात ते मेलं कुठे, आणि मेलं नाही तर तोडलं कसं म्हणता? न्यायाधीश हसले. मी नाही हसले. त्या चिठ्ठीवर पानं चढू नयेत म्हणून दर आठवड्याला आमचा शिपाई ती छाटत होता, आणि मुद्देमालात फेरफार केला म्हणून उद्या आम्हालाच धरतील अशी त्याला भीती होती.

पण मी पुढचं आधी सांगतेय. सुखदेवचा जबाब घ्यायला बसले तेव्हाची गोष्ट राहिली.

"मशीन मी चालवली मॅडम," तो म्हणाला. "नाही म्हणत नाही. पण पहिला घाव माहा नाही."

"म्हणजे?"

"वड, पिंपळ, उंबर, हे झाडं आम्ही असेच नाही तोडत. ज्याले तोडाचं आहे त्यानं नारळ फोडाचा, कुंकू लावाचं, अन् कुऱ्हाडीनं पहिला घाव सोता घालाचा. मंग मी मशीनची दोरी ओढतो. पाप त्याचं, मजुरी माही. माहा बाप बी असाच करे."

तीन उथळ घावांचा अर्थ मला तेव्हा लागला. मी एकदम पुढे सरकले. "मग कोणी घातला पहिला घाव?"

"ते नाही सांगत."

"का नाही सांगत?"

"ज्यानं ते पाप आपल्यावर घेतलं त्याले पोलिसात देऊ काय मॅडम? असं नाही करत कोणी."

मी टेबलावर हात आपटला. चहा सांडला. "अरे, तो कागद तू बनवलास असं म्हणतायत सगळे! तू जाशील आत, आणि तो मजेत बसेल घरी!"

"कागद मले दाखवला होता. शिक्का दिसला, मी ठेवून घेतला. मी कायले बनवू?"

"दाखवला कोणी?"

त्याने सांडलेला चहा बाहीने पुसला. खाली बघून, अगदी अदबीने. मी आयुष्यात शिव्या देणारे आरोपी पाहिले, रडणारे पाहिले, चक्कर येऊन पडणारे पाहिले. एवढ्या सभ्यपणे मला कुणी छळलं नव्हतं. पाप कुणाच्या माथी जाणार, याची या लोकांना केवढी काळजी! नारळ फोडतील, कुंकू लावतील, वाटण्या करतील. आणि कायदा नावाचीही एक गोष्ट असते, तिची वाटणी कुणी करत नाही. ती आपोआप सगळ्यात गरीब माणसाच्या वाट्याला येते.

ठाणेदार साहेबांचं मत वेगळं. "कापणारा भेटला, मशीन भेटली, लाकूड भेटलं, कागद भेटला. टाका चार्जशीट. झाडापायी किती दिवस घालवाचे?"

"साहेब, त्याला त्या झाडाचं काय करायचं होतं? लाकूडसुद्धा विकता आलं नाही त्याला."

"मंग कोणाले काय कराचं होतं?"

उत्तर मला माहीत होतं. भुजाड्यांचं जुनं घर पाडून तिथे चार मजली इमारत उभी राहायची होती, आणि पिंपळ बरोब्बर फाटकाच्या तोंडाशी होता. बांधकामाचे ट्रक आत जाऊ शकत नव्हते. सुखदेवच्या फोनवर भुजाड्यांचे कॉलही होते. मी विचारलं तर भुजाडे शांतपणे म्हणाले, "अंगणातला आंबा छाटायचा होता मॅडम. फोन करणं गुन्हा आहे का?" नाही, फोन करणं गुन्हा नाही. बाकी वसाहतीचे जबाब राऊतांनी घरोघर जाऊन आणले होते, प्रत्येक घरातल्या कर्त्या पुरुषाचा एक, अशी आमच्याकडची वहिवाट. सगळे कर्ते पुरुष धुळवडीला बाहेरगावी होते. सगळे! मग त्या दिवशी डीजेपुढे नाचत कोण होतं?

मी वैतागून एका शनिवारी दुपारी पुन्हा बुंध्याशी गेले. ते घाव परत बघायचे होते. एवढे खाली, एवढे कमजोर घाव भुजाड्यांसारखा उंचापुरा माणूस घालेल कशाला? तिथे एक म्हातारी बुंध्यासमोर पणती लावून बसली होती. ठेंगणी, कंबरेत वाकलेली, नऊवारी. भुजाड्यांची आई, वच्छलाबाई. राऊतांच्या जबाबांत ती नव्हती, कारण ती कर्ता पुरुष नव्हती.

"कोण होय वं तू?" तिने डोळ्यांवर हात धरून विचारलं.

"पोलीस आहे आजी."

"बस मंग. उन्हात उभी काहून राहिली?" मी रिटायर व्हायला आले होते, पण आजीच्या हिशोबात पोरगीच. मी बसले. तिने पणतीतलं तेल सारखं केलं आणि विचारलं, "तो मशीनवाला पोट्टा बरा आहे ना? लै भेला होता त्या दिवशी."

मी म्हटलं, "तो जेलमध्ये आहे आजी."

"जेलमध्ये? काहून?"

"झाड तोडलं म्हणून. आणि खोटा कागद बनवला म्हणून."

"खोटा कसा? पालिकेची परवानगी होती ना! अविनाशनं दाखवला त्याले कागद, माह्यासमोर." मग हळू म्हणाली, "अन् पहिला घाव तर मी घातला."

मी सांगते, खुनाची कबुली ऐकतानाही माझ्या अंगावर असा काटा आला नव्हता. मग तिने सगळं सांगितलं. सुखदेव नारळ ठेवून थांबला, घाव मालकाने घालायचा म्हणाला. अविनाशने कुऱ्हाड उचलली आणि खाली ठेवली. घरात त्याची लेक बाळंतपणाला आलेली. आजी ज्या झाडाला इतकी वर्षं दिवा लावत होती, त्याच्यासमोर ती मुलाला म्हणाली, तू नको, तुझ्या लेकीच्या पोटावर जाईल, मी घालते. एका घावात सालही निघाली नाही, म्हणून तीन घातले.

"माफी मागितली मी त्याले," बुंध्याकडे हात करून ती म्हणाली. "म्हटलं, माहे दिवस भरले आता. जे लागाचं ते मले लागू दे."

"आजी, हे तुम्हाला सांगावं लागेल."

"सांगितलं ना आताच."

इथे आमच्या धंद्यातली एक गंमत सांगायला हवी. पोलिसासमोर दिलेली कबुली न्यायालयात कवडीमोलाची असते. पोलीस मारून मुटकून वदवून घेतील, असं कायद्याला वाटतं. कायद्याचा अनुभव दांडगा आहे, मी काही बोलत नाही. कबुली द्यायची तर ती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, पोलीस जवळ नसताना. हे मी आजीला समजावलं. म्हटलं, मला सांगून उपयोग नाही.

"मंग तू कायची पोलीस?" आजी म्हणाली.

तेवढ्यात भुजाडे चप्पल न घालता फाटकातून धावत आले. "आई, घरात चाल. मॅडम, तिचं काही मनावर घेऊ नका. विसरते ती आजकाल." दोन दिवसांत त्यांचा वकील एका डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन ठाण्यात हजर. आईची स्मरणशक्ती कमजोर आहे म्हणे. ठाणेदार साहेब मला म्हणाले, "पाहा बुवा मॅडम, म्हातारी उद्या पलटली तर तोंडावर पडान." राऊतसुद्धा म्हणाले, माय आहे शेवटी, पोराविरुद्ध बोलणार नाही. माझंही मन आतून तेच म्हणत होतं. मी स्वतः आई आहे. माझ्या मुलाने असं काही केलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही, आणि विचारूही नका.

तरी मी अर्ज केला. तारीख मिळाली. आजी साधी पांढरी नऊवारी नेसून, हातात कापडी पिशवी घेऊन आली. न्यायदंडाधिकारी मॅडमनी तिला आत बोलावून आधी समजावलं की बोलायची सक्ती नाही, बोललात तर ते तुमच्याविरुद्धही जाऊ शकतं, घाई करू नका, बाहेर बसून शांतपणे विचार करा. कायदा असा वेळ द्यायला सांगतो. मला तिच्याजवळ थांबायची परवानगी नव्हती. मी पाण्याच्या टाकीशी उभी राहिले. लांब उभी होते, पण कान काही खात्याने जमा करून घेतले नव्हते.

भुजाडे तिच्या शेजारी येऊन बसले. पांढऱ्या शर्टाची इस्त्री मोडलेली. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून चीड आली नाही. ते रडत होते.

"आई, मी अडकीन. शिक्का मी बनवला, जेल होईन मले. नातवंड होणार आहे घरात."

आजीने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"माघार घे आई. म्हण, मले आठवत नाही. एवढंच म्हण. कोणी तुले काही नाही करत."

"अन् त्या पोट्ट्याले?"

"त्याचं पाहून घेऊ आपण. वकील लावून देतो मी त्याले." मग त्यांनी तिचा हात धरला. "तूच म्हणाली होती ना झाडाजवळ? म्हणाली होती ना, तुहं मी घेतो म्हणून?"

आजीने हात सोडवला नाही. उलट दुसरा हात त्याच्या हातावर ठेवला. "पाप घेतलं गा मी तुहं," ती म्हणाली. "ते माह्याचजवळ आहे, वापस नाही करत. पण गुन्हा नाही घेतला. तो तुहा तुले ठेवा लागते. दुसऱ्याच्या लेकराले नाही देता येत."

पट्टेवाल्याने नाव पुकारलं. आजी भिंतीला धरून उठली आणि आत गेली. भुजाडे बाकावर तसेच बसून राहिले. पळून जाऊ शकले असते, मी लांब होते. पण उठले नाहीत.

आजी बऱ्याच वेळाने बाहेर आली. मला हाताने जवळ बोलावून विचारलं, "आता तो पोट्टा घरी जाईन ना वं?" मी म्हटलं, जाईल. खटला पुढे चालेल, तारखा पडतील, पण तो घरी जाईल. तिने मान हलवली. मग पिशवीतून डबा काढला, मुलाच्या मांडीवर ठेवला, आणि झाकण स्वतः उघडलं.

"जेव," ती म्हणाली. "सकाळपासून काही नाही खाल्लं तू."

राऊत माझ्याकडे बघत होते, अटकेचे कागद हातात घेऊन. मी त्यांना थांबायची खूण केली. भुजाड्यांचं जेवण होईपर्यंत मी त्यांना अटक केली नाही.